बंद लिफाफ्यातलं नाव

सरकारी अन्न प्रयोगशाळेत तिला सगळे शिसेबाई म्हणत. देशभरातून येणाऱ्या खाण्याच्या नमुन्यांत शिसं आहे का, असलं तर किती, एवढंच ती चौदा वर्षं पाहत आली होती. हे नाव शिपायाने ठेवलं होतं. तिला ते आवडायचंही.

एका मंगळवारी तान्ह्या मुलांच्या खाऊचा नमुना आला. डब्यातली पूड, कोमट पाण्यात कालवून भरवायची. पिशवीवर फक्त क्रमांक होता. कंपनीचं नाव बंद लिफाफ्यात, नमुने गोळा करणाऱ्या विभागाच्या कपाटात. तपासणाऱ्याचं मन कुणीकडे झुकू नये म्हणून तसा नियम होता. तिने पूड आम्लात विरघळवली, यंत्राला दिली आणि आकडा पाहून आधी भांड्यांवरच संशय घेतला. भांडी पुन्हा धुतली, आम्लाची नवी बाटली फोडली. तीनदा केलं. तिन्ही वेळा मर्यादेच्या सहापट.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "दुसऱ्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्यावी लागेल. महिना तरी जाईल."

"तोवर पोरं खातच राहणार, साहेब."

"मला कळत नाही का? पण घाई केली आणि आकडा खोटा ठरला, तर आपला पुढचा खरा आकडाही कोणी ऐकून घेणार नाही." मग हळू आवाजात म्हणाले, "कुठे बोलू नका. घरीसुद्धा."

ती तडक नमुना विभागात गेली. तिथल्या कारकुनाने हात जोडले. "बाई, लिफाफे सीलबंद येतात. मला नाव ठाऊक असतं, तर आधी माझ्याच नातीचा डबा फेकला असता."

रविवारी ती धाकट्या बहिणीकडे गेली. आठ महिन्यांची ठमी खुर्चीत बसून जेवत होती. निम्मं पोटात, निम्मं हनुवटीवर. ओट्यावर पिवळ्या झाकणाचा डबा होता.

"हे बंद कर," ती बोलून गेली.

धाकटीचा चमचा हवेतच राहिला. "का गं ताई? यात काही सापडलं का?"

"सांगता येत नाही."

"सांगायचं नाही, की तुला माहीत नाही?"

"दोन्ही. तू घरीच काहीतरी शिजवून दे तिला."

"पाळणाघरात घरचं घेत नाहीत. खराब होतं म्हणतात. डबाच लागतो." धाकटीने ठमीचं तोंड पुसलं. "बरं, बघते मी काय करायचं ते."

कुठलाच डबा नको, असं तिने स्पष्ट म्हणायला हवं होतं. पण आपण आधीच जास्त बोललो असं वाटून तिने जीभ चावली आणि विषय बदलला.

अडतिसाव्या दिवशी खात्रीचा अहवाल आला. लिफाफा साहेबांच्या टेबलावर फोडला गेला. नाव वाचून तिचा जीव भांड्यात पडला. पिवळ्या झाकणाचा नव्हताच तो, हिरव्या झाकणाचा होता. संध्याकाळच्या बातम्यांत येण्याआधीच तिने फोन लावला.

"तुझा डबा चांगला होता गं. हिरव्यात निघालं."

पलीकडे चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ऐकतेस ना?"

"ताई, तू सांगितलंस त्याच दिवशी मी पिवळा फेकला," धाकटी म्हणाली. "तेव्हापासून हिरवाच देतेय. आणि पाळणाघरातल्या बाकीच्यांनाही सांगितलं, माझी बहीण प्रयोगशाळेत आहे म्हणून. सगळ्यांनी बदलला."

सगळ्या म्हणजे अकरा जणी.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून पाळणाघराच्या दारात उभी राहिली. पोरांना न्यायला आलेल्या एकेका आईला तिने गाठलं, रक्ततपासणी कुठे होते ते कागदावर लिहून दिलं. एक आई, कडेवर झोपलेलं मूल सावरत, म्हणाली, "तुम्हीच का त्या? किती उपकार झाले हो तुमचे! तुमच्यामुळे पिवळा वेळेत सुटला."

तिने खरं काय ते सांगितलं. त्या बाईला पहिल्यांदा नीट कळलंच नाही, म्हणून परत सांगावं लागलं. मग त्या बाईने कागद घेतला आणि मागे न बघता निघून गेली.

सात मुलांच्या रक्तात शिसं जास्त निघालं. ठमीच्याही. डॉक्टर म्हणाले, तो खाऊ बंद झालाय, आता आकडा हळूहळू उतरेल, दर तीन महिन्यांनी तपासू. जे व्हायचं ते झालं असलं, तर शाळेत गेल्यावर कळेल. कदाचित काही झालंही नसेल.

"औषध?" धाकटीने विचारलं.

"एवढ्या आकड्याला औषध नसतं," डॉक्टरांआधी शिसेबाईच बोलली.

बाहेर आल्यावर धाकटी भांडेल, निदान रडेल, असं तिला वाटलं होतं. धाकटीने फक्त ठमीला तिच्याकडे दिलं आणि म्हणाली, "जरा धर हिला. मी रिक्षा बघते."

ठमीने मावशीचा चष्मा ओढला आणि त्याची काडी तोंडात घातली. तिने ती घाईघाईने काढून घेतली, तशी पोर जोरजोरात रडायला लागली. काही केल्या ती थांबेना.