तुला ऐकू येतंय का?

धाकटीने ट्रे टेबलावर ठेवला आणि दादाचा कप मुद्दाम अर्धाच भरला. गोळ्यांमुळे त्याचे हात थरथरायचे. समोर बसलेल्या मैत्रिणीने ते पाहू नये, एवढीच तिची धडपड. मैत्रीण न कळवता टपकली होती. वर्गात धाकटीने आपला भाऊ परगावी नोकरीला असल्याचं ठोकून दिलं होतं, आणि तो परगावचा भाऊ इथे निवांत बिस्किट बुडवत बसला होता.

"कधी आलात परत?" मैत्रिणीने विचारलं.

"मी कुठे गेलो होतो?" दादा म्हणाला. "गेलो असेन, तर मला कुणी सांगितलं नाही."

धाकटी कसनुसं हसली. मागच्याच आठवड्यात बसस्टॉपवर एक माणूस एकटाच बोलत उभा होता. 'चार हात लांब राहा, चाकूबिकू काढेल,' म्हणत सगळ्या वर्गाने पलीकडची बाजू गाठली. मैत्रीणही गेली, धाकटीही गेली. घरात असाच आजारी भाऊ आहे आणि तो मुंगीलाही दुखवत नाही, हे चारचौघांत सांगायला छाती लागते.

दादाने एकदम मान तिरकी केली.

"धाकटे, पाणी वाहतंय. तुला ऐकू येतंय का?"

हा दोघांचा जुना शिरस्ता होता. दादाला नसलेले आवाज ऐकू यायचे. आवाज आला की तो तिला विचारायचा, आणि ती नीट कान देऊन खरं तेच सांगायची. आईबाबांना तो विचारत नसे; ते त्याला बरं वाटावं म्हणून काहीही सांगत. धाकटीचा शब्द मात्र काळ्या दगडावरची रेघ. गेले कित्येक महिने असं विचारायची वेळच आली नव्हती. आज आली, आणि तिने कान दिलाच नाही.

"नाही रे. काही नाही. चहा घे तू."

"बरं," दादा हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. साखर केव्हाच विरघळली होती, तरी तो चहा ढवळत राहिला.

"अगं, वाहतंय की!" मैत्रीण म्हणाली. "मलाही ऐकू येतंय."

बाथरूममधला नळ उघडा राहिला होता आणि पाणी दाराबाहेर आलं होतं. दादाने नळ बंद केला. तिघं फडकी घेऊन फरशी पुसायला लागले.

"तुम्ही हिला का विचारलंत?"

"मला नसलेलंही ऐकू येतं. आजार आहे तो. म्हणून हिला विचारून खात्री करतो."

आता ही पर्स उचलणार, धाकटीला वाटलं. मैत्रिणीने फडकं पिळलं.

"ओरडतात का ते आवाज?"

"क्वचित. जास्त करून टोमणे मारतात. काही नातेवाईक मारतात ना, तसे."

मैत्रिणीला हसू आवरेना. "आणि ही चुकली तर?"

"ही चुकत नाही."

आता धाकटीला राहवेना. "चुकले नाही दादा, खोटं बोलले. ऐकायचा प्रयत्नच केला नाही. हिच्यासमोर लाज वाटली तुझी."

दादाने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"म्हणजे पाणी खरंच वाहत होतं? तू नाही म्हणालीस, म्हणून फरशी पुसतानाही मला खात्री नव्हती."

"खरंच."

"हुश्श! मला वाटलं, पुन्हा सुरू झालं."

तो ओल्या फरशीवरच बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. धाकटीला रडूच फुटलं. मैत्रिणीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि तीही तिथेच फतकल मारून बसली.