आतलं पाणी

खांद्यापर्यंत हात फिशटँकमध्ये घालून खंडू दगडाच्या फटीत बोटं फिरवत होता. शेवटची कोळंबी तिथंच सापडली, उलटी पडलेली. त्यानं ती मुठीत मिटून बाहेर काढली आणि पाठ करून बादलीत टाकली. काचेसमोर खुर्चीत बसलेल्या तुळजाबाईंचे गुडघे गेले असले तरी नजर शाबूत होती.

"आज कोन गेलं रं?"

"कोळंबी, काकी."

"ती लाल पट्ट्याची?"

"व्हय. तेवढी एकच राहिली हुती."

तुळजाबाईंनी मधल्या दगडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आन् शेवंती?"

शेवंती म्हणजे मधल्या दगडावरचं प्रवाळ. उजेड वाढला की ते फुलासारखं उमलायचं, म्हणून बाईंनी त्याला ते नाव दिलं होतं. आज दुपार झाली तरी ते चिंचोक्याएवढं आक्रसून बसलं होतं. "उघडंल," खंडू म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता.

खंडूला कंटाळा आला होता. मासे मरतात, त्याला कुणाचा इलाज नाही. पण दर खेपेला मेल्याची बातमी आपणच द्यायची, याचा कंटाळा. दौंडपासून शिरूरपर्यंत दातांच्या दवाखान्यांत, हायवेवरच्या हॉटेलांत, एमआयडीसीतल्या साहेबलोकांच्या हॉलमध्ये फिशटँक बसवण्यात आणि धुण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. बादल्या उचलून कंबर कामातून गेली आणि पाण्यात राहून बोटांच्या चिरा कधी भरल्या नाहीत. पण ते सगळं गोडं पाणी. खाऱ्या पाण्यातला, प्रवाळाचा फिशटँक तो आयुष्यात पहिल्यांदाच लावत होता. "पन्नाशीला टेकला आन् आता नवं शिकाय निघाला," असं त्याची बायको सुरेखा म्हणाली होती. तिचं बरोबर असतं, हा आणखी एक त्रास.

काम दिलं होतं तुळजाबाईंच्या मुलानं, विश्वजीतनं. तो जहाजावर इंजिनिअर. वर्षातले बरेच महिने पाण्यावर असायचा. त्याची बायको-मुलं शाळेपायी पुण्यात राहायची. वडील बापूसाहेब हार घालून भिंतीवर गेलेले. उरल्या तुळजाबाई; खुटबावच्या या ऐसपैस घरात वॉकर धरून त्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायच्या. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता आणि या गुडघ्यांनी तो दिसण्यातलाही नव्हता. "तू समुद्रावर येत नाहीस ना, मग समुद्रच घरी आणतो," असं म्हणून विश्वजीतनं सुट्टीत पुण्याहून भलीमोठी काच आणवली, दौंडहून खंडूला बोलावलं आणि तो जहाजावर निघून गेला. आणायचं त्यानं ठरवलं आणि सांभाळायचं या दोघांवर आलं.

खंडूनं मोबाइलवर पाहून, पुण्यातल्या एका दुकानदाराला विचारून सगळं ताक फुंकून प्यावं तसं केलं. पिंपात समुद्राचं मीठ कालवलं, वाळू पसरली, पांढरे दगड रचले, पंप चालू केला. त्यानंतर नुसतं थांबायचं होतं. दगडात डोळ्यांना न दिसणारे जीव धरेपर्यंत एकही मासा सोडायचा नव्हता. शेजारच्या बायका येऊन रिकामं पाणी बघून जायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. तुळजाबाई त्यांना बजावायच्या, "दुधाला इरजण लावलंय असं समजा. हलवायचं न्हाई." खंडूला तोवर इतकं सोपं कुणाला सांगता आलं नव्हतं.

मग दगडांवर तपकिरी शेवाळ आलं आणि गेलं. गोगलगायी आल्या. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची जोडी आली, मग कोळंब्या, आणि सगळ्यात शेवटी शेवंती. ती पहिल्यांदा पूर्ण उघडली त्या दिवशी तुळजाबाईंनी खुर्ची काचेसमोर आणून ठेवायला लावली, ती परत हलली नाही.

"येक सांगू का?" त्या एकदा म्हणाल्या होत्या. "टीव्हीवर दावत्यात ना, जहाजं आडवली, ह्ये झालं, त्ये झालं. मला झोप लागायची न्हाई. आता ही शेवंती उघडली की वाटतंय, तिकडं पोरगं बरं हाय. उगाच हाय, मला कळतंय की. पन वाटतंय."

तेव्हापासून खंडूला या घराचं ओझं वाटायला लागलं होतं. हॉटेलातला मासा मेला की दुसरा सोडता येतो. इथं एका बाईची झोप पाण्यात सोडलेली होती.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "तू पाहिलाय का रं समुद्र?"

"पाहिलाय. ल्हानपनी. वडिलांसंगं दादरला गेलतो, सहा डिसेंबरला."

"असं व्हय," तुळजाबाई म्हणाल्या. कुठला सहा डिसेंबर हे त्यांना सांगावं लागलं नाही. दौंडातल्या विहाराजवळचा पोरगा म्हणून खंडूचं सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं. त्या तोडून वागल्या असं नाही. उलट लाटा कशा असतात, आवाज कसा येतो, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. मग कामवाल्या बाईनं नेहमीसारखी सीलबंद पाण्याची बाटली आणून स्टुलावर ठेवली. खंडू आला की बाटली यायची. तो त्याला पाहुणचार म्हणायचा. दमलेल्या माणसानं हरेक गोष्टीचा अर्थ लावत बसू नये, हे तो फार पूर्वी शिकला होता.

आणि उन्हाळा लागल्यावर हे मरण सुरू झालं. आधी गोगलगायी गेल्या, मग एकेक कोळंबी. मासे मात्र ठणठणीत. खंडूनं मीठ तपासलं, पाण्याची उष्णता तपासली, घाण तपासली, सगळं बरोबर. काल पुण्याच्या दुकानदारानं फोनवर विचारलं, "तांबं पाहिलंस का?" तांबं कुठून येणार, म्हणून खंडूनं ते पाहिलंच नव्हतं. आज तो तांबं तपासायच्या औषधाची बाटली घेऊन आला होता.

त्यानं काचेच्या नळीत फिशटँकचं पाणी घेतलं, थेंब टाकले आणि नळी खिडकीकडे धरली. पाणी हळूहळू निळसर होत गेलं, म्हणजे तांबं होतं. खंडूनं पंप उघडून पाहिला, पाइप चाचपले, नळ्यांचे जोड पाहिले. सगळं प्लॅस्टिक. मग तो जमिनीवर तसाच बसून राहिला. तांबं वरूनच पडत असणार.

उन्हाळ्यात पाणी रोज बोटभर उडायचं. पाणी उडतं पण मीठ खालीच राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालायचं, हे त्यानंच बाईंना शिकवलं होतं. काचेवर खुणेची पट्टीही चिकटवून दिली होती. "नळाचं घालू नका, काकी. तुम्ही घरात पिता त्ये घाला," असं तो म्हणाला होता. एवढं घर म्हटल्यावर फिल्टर असणारच, हे त्यानं धरून चाललं होतं.

"काकी, वरून पाणी कुठलं घालता?"

"आतलं."

"आतलं म्हंजी फिल्टरचं ना?"

"त्या फिल्टरच्या पाण्याला काय चव हाय का? पोरानं बसवलाय, भिंतीला लटकतोय. हंड्यातलं घालते मी. ये, दावते."

वॉकर टेकत त्या स्वयंपाकघरात शिरल्या. खंडू दारापर्यंत गेला. या दारापर्यंत तो आजवर कधी आला नव्हता. कुणी मनाई केली होती असं नाही. त्याचं काम हॉलमध्ये असायचं आणि त्याचं पाणीही हॉलमध्येच यायचं. उंबऱ्यापाशी त्याचा पाय आपोआप थांबला.

ओट्याशेजारी तिवईवर तांब्याचा हंडा होता, चिंच लावून लख्ख घासलेला.

"रातीला भरून ठिवायचा," तुळजाबाई अभिमानानं सांगत होत्या. "विश्वा याच पाण्यावर वाढला. म्हनलं, त्याच्या माशास्नी तरी दुसरं कशाला? दोन तांबे जास्तच घालते, अंगाला लागू दे म्हनून."

हंड्यातलं पाणी माणसाला गुणकारी आणि शेवंतीला जहर, हे या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं? जिची पाकळी उघडली की हिला वाटायचं पोरगं सुखरूप आहे, तिला ही रोज आपल्याच हातानं मारत होती. खंडू हॉलमध्ये आला आणि दगड काढायला लागला. दगडानं तांबं पिऊन घेतलं की तो ते पाण्यात थोडं थोडं सोडत राहतो. आता सगळे दगड जाणार होते, शेवंतीसकट.

तेवढ्यात फोन वाजला. जहाजावरून विश्वजीतचा व्हिडिओ कॉल. तुळजाबाईंनी फोन काचेकडे वळवला, आणि अर्धा रिकामा फिशटँक त्याला दिसला.

"हे काय चाललंय? खंडू, दगड का काढतोयस?"

"साहेब, पान्यात तांबं उतरलंय. दगड ठिवून उपेग न्हाई."

"तांबं? तांबं कसं येईल? पाण्यात काय घातलंस तू?"

तुळजाबाई फोन धरून बसल्या होत्या आणि त्यांचं तोंड खंडूकडे होतं. खंडूनं ओले हात पँटला पुसले.

"माझी चूक हाय, साहेब. पान्याचं मी नीट बघितलं न्हाई."

"अरे, मी तुला पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. जमत नसेल तर सांग, मी पुण्याचा माणूस लावतो. आईचा जीव आहे त्यात." विश्वजीतचा आवाज तुटत तुटत येत होता. "राहू दे आता. काही करू नकोस तू. मी बघतो दुसरा कोणीतरी."

"बरं," खंडू म्हणाला.

कॉल बंद झाला. खंडूनं पाइप गुंडाळायला घेतला. त्याला राग आला नव्हता. घरी गेल्यावर सुरेखा काय म्हणेल, ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं, एवढंच.

"खंडू," तुळजाबाई म्हणाल्या. "पान्याचं बघितलं न्हाई म्हनलास. कंच्या पान्याचं?"

तो पाइप गुंडाळत राहिला.

"हंड्याच्या?"

"तांबं मानसाला चांगलं असतंय, काकी. मासंबी सोसत्यात. कोळंबीला, शेवंतीला न्हाई सोसत."

तुळजाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. डोळे भरून आले, पण त्या रडल्या नाहीत. रडायचं तर खंडूसमोर का, असंही असेल. त्यांना राग आला, आणि तो जवळ होता त्याच्यावर निघाला.

"मग मला आधी सांगायचं न्हाईस? हंड्यातलं घालू नका म्हनून?"

"मला वाटलं, तुम्ही फिल्टरचं पिता."

"इतकं दिस येतुयास तू या घरात. गवळी येतो, लाइटवाला येतो, समद्यास्नी त्या हंड्यातलंच पानी देते मी. आमचं पानी कशात असतंय, तुला ठाऊक न्हाई?"

"मला कसं ठाऊक असंल, काकी?"

हे त्याला बोलायचं नव्हतं. तो रागानं बोललाही नाही. पंप का बंद पडला हे सांगावं, तशा आवाजात बोलला. पण बोलून गेला. तुळजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ त्यांना कुठं पाहावं ते समजेना.

खंडूनं माशांपुरतं पाणी ठेवलं, पंप परत लावला. दोन्ही मासे रिकाम्या काचेत गोल गोल फिरायला लागले. उरलेले दगड त्यानं बादलीत रचले. शेवंतीचा दगड त्यानं सगळ्यांत वर ठेवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो खाली घातला आणि त्यावर दुसरा ठेवला.

"त्यो फोन दे," तुळजाबाई म्हणाल्या.

त्यानं दिला. बोलून निरोप कसा पाठवायचा हे विश्वजीतनं त्यांना शिकवलं होतं. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. त्यांनी अंगठा दाबला.

"विश्वा, आई बोलतीया. खंडूला तू बोललास त्ये बराबर न्हाई. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस. पानी म्या घातलं. हंड्यातलं. रोज घातलं. त्याला ठाऊक न्हवतं. त्याला ठाऊक न्हवतं, कारन आपन त्याला..."

अंगठा सुटला. निरोप गेला.

"गेलं का रं?"

"गेलं, काकी."

"समदं?"

"तुम्ही बोलला तेवढं."

तुळजाबाईंनी मान हलवली. "असू द्या, काकी," खंडू म्हणाला आणि त्यानं बादली उचलली. दगडांनी भरलेली बादली कंबरेला ओढत होती. बाहेर गाडी उन्हात तापली असणार आणि दौंडपर्यंत जायचं होतं.

तुळजाबाईंनी अंगठा परत बटणावर ठेवला आणि दाबून धरला. त्या काचेकडे बघत होत्या आणि अंगठा काढत नव्हत्या. फोनमध्ये नुसती पंपाची घरघर भरत होती. खंडू दारात उभा राहिला. बादली खाली ठेवली तर आवाज होईल, म्हणून त्यानं ती तशीच धरून ठेवली.