शेवटची दाढ

फिटरच्या तोंडात एकच दाढ उरली होती, आणि आता सरकारला तीही हवी होती.

"घ्या ताई," तो खुर्चीत रेलून म्हणाला. "खाणं तसंही पातळच झालंय."

"अहो, जरा गप्प बसा," बायको म्हणाली. "त्या काय सांगतायत ते ऐका आधी."

अणुभट्टीत अपघात झाला तेव्हा आत धाडलेल्या माणसांना किती किरणं लागली, याचा इतक्या वर्षांनी अंदाज काढायचा, हे समोरच्या मोजणीवाल्या बाईंचं काम. अंदाज ठरलेल्या रेषेच्या वर गेला, तर आजार कामातला धरायचा आणि उपचार सरकारने करायचे. खाली आला, तर आजार ज्याचा त्याचा. फिटरचं रक्त बिघडलं होतं, आणि त्यावरची औषधं घरच्यांच्या आवाक्यातली नव्हती.

"पण काका, तुमचा किरणं मोजायचा बिल्ला जवळजवळ कोराच आहे की!"

"असणारच. तो खुंटीला होता ना."

"खुंटीला?"

"बिल्ला भरला की माणसाला बाहेर काढायचे. आणि तो अडकलेला व्हॉल्व्ह माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हता. मग काय, शर्टाबरोबर बिल्लाही खुंटीला अडकवायचा आणि आत शिरायचं. सगळेच करायचे. खुंटी मात्र ठणठणीत आहे हो, ताई."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात ही खुंटी तिच्या कानावर कधी आलीच नव्हती.

बाईंनी समजावलं, की दाताच्या कवचात किरणांची खूण जन्मभर राहते. दाढ मिळाली तर मोजता येईल.

"पुढचे दात नाही चालणार? ते तरी शाबूत आहेत."

"त्यांच्यावर ऊन पडतं, काकू. उन्हाचीही खूण उमटते, मग कुठली कोणाची ते कळत नाही."

"मग यांचे तर मुळीच नकोत. जन्मभर फिदीफिदी हसत फिरलेत."

दाढ काढली. रक्त थांबता थांबेना. बायको कापूस बदलत राहिली, आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून पुटपुटत राहिली, आकडा मोठा येऊ दे. मुलांच्या निकालाआधी पुटपुटायची, अगदी तशीच. मग तिला वाटलं, जेमतेम वर आला आणि कुणी फेरतपासणी काढली तर? म्हणून तिने मागणं वाढवलं. चांगला दणदणीत येऊ दे.

निकालाच्या दिवशी बाईंनी आधी दार लोटून घेतलं.

"रेषेच्या वर आहे, काकू. खूपच वर."

"बरं झालं, बाई!" बायको भरात बोलून गेली.

बाईंनी मान वर केली नाही. टेबलावरचं पेन उगाच इकडचं तिकडे केलं. खूप वर म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यात शेवटी बायकोला कळलं. तोंडातून गेलेला शब्द काही केल्या मागे घेता येईना.

"अगं, पास झालो ना मी?" फिटरने विचारलं.

"झालात."

"मग रडतेस कशाला? आपल्या घरात एवढे मार्क कुणाला पडलेत कधी?"

तो हसला. दाढेची जखम अजून भरली नव्हती, ओठाच्या कोपऱ्यात लाल ओघळ आला. बायकोने रुमालाने तो पुसला. पुन्हा आला. पुन्हा पुसला.