दुसरा ब्रेक

“बघितलंत मास्तर? बरोब्बर पट्ट्याच्या आत थांबवली!”

मुलीने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून चक्क टाळी वाजवली. गाडीच्या नाकासमोरून पावाची व्हॅन आडवी निघून गेली. व्हॅनवाल्याने जाता जाता हात नाचवून काहीतरी सुनावलंही, पण काचा बंद होत्या.

“शाब्बास,” मास्तर म्हणाले. “पण टाळ्या घरी गेल्यावर वाजव. हात आधी जागेवर.”

आणि त्यांनी आपला उजवा पाय अलगद मागे घेतला. गाडी थांबवली होती ती त्या पायाने.

मास्तरांची ड्रायव्हिंग शाळा म्हणजे एक छोटी पांढरी गाडी, टपावरची ‘शिकाऊ’ची पाटी आणि स्वतः मास्तर. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला. हा दुसरा ब्रेक दाबला की बझर वाजायचा, म्हणजे शिकणाऱ्याला कळावं की आपण चुकलो. मास्तरांनी त्या बझरची वायर गाडी घेतली त्याच महिन्यात कापून टाकली होती. पायाखालच्या पेडलला रबराची जाड पट्टी गुंडाळली होती, बूटही पातळ तळव्याचे घेतले होते. एकतीस वर्षांत त्यांचा पाय इतका तयार झाला होता की गाडी लोण्यावर टेकावी तशी थांबायची, आणि चाकामागे बसलेल्या पोराला वाटायचं, आपणच थांबवली.

याला कारण होतं. मास्तर स्वतः शिकले ते एका ट्रकवाल्याच्या हाताखाली. चूक झाली की तो बोटांच्या पेरांवर पाना मारायचा. मास्तर गाडी शिकले खरे, पण पुढची दोन वर्षं चौक दिसला की त्यांची बोटं आखडायची. भ्यालेलं पोर काही शिकत नाही, फक्त मार चुकवायला शिकतं, हे तेव्हाच त्यांच्या मनात पक्कं बसलं. म्हणून त्यांची पद्धत वेगळी. धडे पंचवीस. पहिले पंधरा धडे पोराला धीर द्यायचा, चुका आपल्या पायाने गुपचूप पुसायच्या. शेवटचे दहा धडे पाय सीटखाली ओढून घ्यायचा आणि होईल ते त्याचं त्याला करू द्यायचं. तोवर धीर आलेला असतो, मग चूक झाली तरी पोर मोडत नाही. गावभर लोक सांगत, शिकायचं तर मास्तरांकडे, ओरडत म्हणून नाहीत.

ही मुलगी लाकडाच्या वखारीच्या मालकाची. घरात तिला बबडी म्हणत, आणि बबडी म्हटलं की ती चिडे. अठरा पूर्ण, अंगाने लहान चणीची, तोंडाने अखंड चालू. मास्तरांना ती फार आवडायची. गाडीला ‘म्हातारे’ म्हणायची, सुरू झाली नाही तर तिची समजूत काढायची. प्रत्येक धड्यानंतर मास्तर वहीत शेरा लिहून देत, तो ती तिथेच मोठ्याने वाचून दाखवायची. ‘वळणे: सुधारणा हवी. आरशाचा वापर: बरा. ब्रेक: उत्तम.’

“ब्रेक उत्तम!” ती म्हणायची. “बाबांना दाखवते. ते म्हणतात, तुझे हातपाय कुठे जागेवर असतात.”

सोळाव्या धड्याच्या दिवशी वखारवाले स्वतः तिला सोडायला आले.

“मास्तर, परीक्षेची तारीख मिळाली. येत्या गुरुवारची.”

“गुरुवार? अहो, आजच्यानंतर अजून नऊ धडे आहेत.”

“ते राहू देत. कॉलेज सुरू व्हायच्या आत लायसन्स हातात पाहिजे. वहीत तर तुम्हीच सगळं उत्तम लिहिताय.”

मास्तर काही बोलणार, तेवढ्यात मुलगी गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाली, “चला की मास्तर! गुरुवारी तुमचं नाव काढते.”

तिचा तो चेहरा पाहून मास्तरांच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. आजचा राहू दे, गुरुवारच्या आधी उरलेल्या दोन धड्यांत पाय काढून घेऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण दुसऱ्याच दिवशी शाळा सुटायची वेळ गाठ पडली, तिसऱ्या दिवशी पुलावर कोंडी झाली, आणि पाय जिथला तिथेच राहिला.

परीक्षा मोकळ्या मैदानावर झाली. पांढऱ्या रेघा, चार लाकडी खांब, मध्ये ना माणूस ना कुत्रं. मुलगी पास झाली. मास्तरांना तिने पाकीटभर बिस्किटं आणून दिली आणि म्हणाली, “आता तुम्ही मागे बसा, मी फिरवते.”

दहा दिवसांनी वखारवाल्यांचा फोन आला. “मास्तर, शोरूमवर या. गाडी घेतोय तिला. तुमच्या शब्दावर घेणार.”

शोरूमच्या फरशीत माणसाचं तोंड दिसत होतं. मधोमध एक काळी, बुटकी, रुंद गाडी उभी होती. दार उघडून आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं.

“शून्यापासून शंभर, साडेचार सेकंदांत,” विक्रेता सांगत होता. वय फार तर पंचवीस, पण टाय असा बांधलेला की आवाज बारीक येत होता. “ताईंना एकदा चालवू द्या, मग आपण बोलू.”

मुलगी चाकामागे बसली, शेजारी मास्तर. मागच्या बोटभर सीटवर विक्रेत्याने स्वतःची घडी घालून घेतली. वखारवाले कागद वाचायला आत थांबले.

पहिल्या सरळ रस्त्यावर मुलीने जरा पाय टेकवला, आणि मास्तरांचं डोकं मागच्या गादीवर आपटलं. ती खिदळली. “आई गं! म्हातारीला हे दाखवायला पाहिजे!”

“हळू,” मास्तर म्हणाले. “पुढे रस्ता ओलांडायची जागा आहे.”

“दिसतंय.”

दिसत होतं तिला. एक बाई बाबागाडी ढकलत फुटपाथवरून खाली उतरत होती. मुलीने पाय उचलला, तिला सवय होती तेवढाच, तिला सवय होती तेव्हाच. मास्तरांचा उजवा पाय आपसूक पुढे गेला आणि गालिच्यावर आपटला. तिथे काही नव्हतं. त्यांनी तरी दाबला, सगळा जीव एकवटून दाबला.

“ब्रेक!” ते ओरडले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ओरडले.

मुलीने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी किंचाळून थांबली तेव्हा बाबागाडीच्या चाकात आणि बंपरमध्ये वीतभर अंतर होतं. बाई हलली नाही. मग तिने पुढे होऊन बॉनेटवर तळहाताने एक जोरात मारली, आतल्या तिघांकडे एकदा नीट पाहिलं आणि बाबागाडी ढकलत निघून गेली.

“नवीन गाडीत होतं असं,” मागून विक्रेता म्हणाला. “शेठजींना सांगायची गरज नाही.”

मुलीचे ओठ पांढरे पडले होते. “मास्तर, हिचा ब्रेक खराब आहे.”

मास्तरांनी तिला फक्त गाडी शोरूमकडे वळवायला सांगितली.

“कशी वाटली?” वखारवाल्यांनी दारातच विचारलं.

“ब्रेक खराब आहे,” मुलगी म्हणाली.

विक्रेत्याला ते झोंबलं. “ताई, यासारखा ब्रेक या किमतीत दुसरा मिळाला तर सांगा. कॉम्प्युटर सांभाळतो तो. आठ एअरबॅग, गाडी घसरली तर स्वतःच सावरते.”

“मास्तर, तुम्ही बोला,” वखारवाले म्हणाले.

मास्तरांनी घसा साफ केला. “पहिलीच गाडी आहे. इतकी ताकद कशाला? छोटी घ्या, जुनी घ्या. दोन-चार ठिकाणी घासली तरी चालेल अशी. पहिली गाडी चुका करायला असते.”

“मुलगी आहे म्हणून म्हणताय.”

“मुलगा असता तर फोनवरच नाही म्हटलं असतं.”

“अहो, पण वेग पायात असतो. जोरात नाही दाबला तर कशाला पळेल? आणि जड गाडी, उद्या कोणी येऊन धडकलं तर पोरगी सुखरूप. छोट्या डब्यात काय राहतं?”

“कोणी येऊन धडकायची मला भीती नाही.”

“मग कशाची आहे?” वखारवाल्यांनी पिशवीतून वही काढून टेबलावर उघडली. “हे बघा. ब्रेक उत्तम. ब्रेक उत्तम. ब्रेक अतिउत्तम, दोनदा अधोरेखित. अक्षर तुमचंच ना?”

विक्रेत्याने पेनाचं टोपण काढून फॉर्म पुढे सरकवला.

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. “जरा बाहेर येतेस? दोन मिनिटं.”

“इथेच सांगा की.”

“बाहेर ये, बेटा.”

“इथेच सांगा मास्तर. बाबांपासून काय लपवायचंय?”

पेन वखारवाल्यांच्या हातात गेलं होतं. आणखी एक क्षण गेला असता तर सही झाली असती.

“गाडीचा ब्रेक चांगला आहे,” मास्तर म्हणाले. “आतापर्यंत तू दाबत होतीस त्याच्या आधी मी दाबत होतो. माझ्या बाजूला पेडल आहे. आज नव्हतं. आज एक बाई आणि तिचं मूल थोडक्यात वाचलं.”

विक्रेता फरशीकडे बघू लागला. मुलगी हसली, कोणी थट्टा केल्यावर हसतात तशी.

“काहीतरीच. पावाची व्हॅन आली तेव्हा?”

“मी.”

“शाळेसमोर? तो मुलगा चेंडूमागे धावत आला तेव्हा?”

“मीच.”

“पुलावर. तुम्ही म्हणालात, इतकं छान कोणी थांबवत नाही.”

मास्तरांनी मान हलवली.

“एकदा तरी मी थांबवली का?”

“मोकळ्या रस्त्यावर, खूपदा. कोणी मध्ये आलं की मात्र तुला उशीर व्हायचा. सगळ्यांनाच होतो. शेवटच्या दहा धड्यांत तेच शिकवतो मी. पाय काढून घेतो.”

“म्हणजे तारीख अलीकडे आणली ही माझी चूक!” वखारवाल्यांचा आवाज चढला.

“नाही. तुम्ही तारीख सांगितलीत तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. चूक माझी.”

“लिहून दिलंत, मास्तर! अठरा दिवस खोटं लिहून दिलंत! मी हे चारचौघांत दाखवत फिरलो.” त्यांनी वही मिटली आणि फॉर्मची घडी करून विक्रेत्याच्या हातात कोंबली. “राहू द्या. नको गाडी.”

मुलगी वडिलांकडे बघतच नव्हती.

“ब्रेक दाबलात ते ठीक आहे,” ती हळू म्हणाली. “दाबायलाच हवा होता. पण मग शाब्बास का म्हणालात?”

ट्रकवाला, त्याचा पाना, भ्यालेली पोरं, सगळं मास्तरांच्या ओठांपर्यंत येऊन तिथेच विरलं.

“सात धडे राहिलेत,” ते म्हणाले. “तीन जास्तीचे माझ्याकडून, पुरते दहा. रविवारी सकाळी सात ते आठ, मैदानाच्या रस्त्यावर. पाय सीटखाली ठेवून. तुला दिसेल असा.”

मुलीने किल्ली विक्रेत्याला दिली, त्याला ‘थँक यू’ म्हणाली, मास्तरांनाही म्हणाली, अगदी तशाच आवाजात. आणि बाहेर जाऊन वडिलांच्या गाडीत मागच्या सीटवर बसली.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. हातातली इस्त्री उभी करून तिने विचारलं, “रडली का ती?”

“नाही. शांत होती.”

“पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर रडली असती. दोन दिवस रुसून तिसऱ्या दिवशी आली असती.” तिने शर्टाची कॉलर सरळ केली. “आता नाही यायची.”

“मी तिचं वाईट चिंतलं नाही गं.”

“कोण म्हणतंय? पोरांनी आपल्याला चांगलं म्हणावं याची तुम्हाला चटक लागली, एवढंच.”

इतक्या वर्षांत ती त्यांना असं कधी बोलली नव्हती. मास्तर उठून गॅलरीत गेले, कारण खोलीत बसून तिला नाही म्हणता येईना.

वखारवाल्यांनी गावात सांगायचं ते सांगितलं. शिकायला येणारे कमी झाले, आणि जे आले त्यांना मास्तर आता प्रत्येक वेळी स्पष्ट सांगत, “थांबवली ती मी. तुला उशीर झाला.” एक मुलगा त्यावर चौथ्या दिवशी यायचा बंद झाला. एक मुलगी चिडून म्हणाली, “मग परत घ्या!” आणि तिने तोच चौक सात वेळा घेतला. आठव्या वेळी गाडी तिची तिने थांबवली. ‘शाब्बास’ मास्तरांच्या तोंडून निघेना.

वखारवाल्यांची मुलगी बसने कॉलेजला जायची. एकदा थांब्यावर दिसली. मास्तरांनी गाडी हळू केली. तिने ओळख दाखवली, मान अगदी रीतसर हलवली, आणि बसच्या येण्याकडे बघत राहिली. सोबतच्या मैत्रिणीने टपावरच्या पाटीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. ती म्हणाली, “नाही, मी नाही चालवत.” एवढंच मास्तरांना ऐकू आलं.

रविवारी सकाळी सातचा तास कोणी मागितला की मास्तर सांगत, तो भरलेला आहे. दर रविवारी ते मैदानाच्या रस्त्यावर गाडी उभी करत, उतरून वळसा घालून डावीकडच्या दाराने आत बसत आणि दोन्ही पाय सीटखाली घेत. उजवीकडची सीट रिकामी.

मैदानाचा रखवालदार नवा होता. तिसऱ्या रविवारी त्याला राहवलं नाही. त्याने काचेवर टकटक केली.

“काका, ड्रायव्हर कुठे गेला?”

“यायची आहे,” मास्तर म्हणाले.

रखवालदार रिकाम्या रस्त्याकडे बघून पुढे निघून गेला. मास्तर वाकले, शेजारच्या सीटखालचा दांडा ओढला, आणि लहान चणीच्या माणसाचे पाय पोचावेत म्हणून ती सीट दोन खाचा पुढे सरकवली.