पान एकतीस

गरिबीचा प्रश्न ही कोणत्याही सुसंस्कृत राष्ट्राच्या विवेकाची कसोटी असते. आमच्या छापखान्यात ती पान एकतीसवर असते.

निवडणूक लागली की जुना पक्ष आणि नवा पक्ष, दोघांचे जाहीरनामे आमच्याकडेच येतात. मी मुद्रितशोधक. चुका काढतो, पण फक्त छपाईच्या; बाकीच्या काढायला मला कोणी सांगितलेलं नाही. जुन्या पक्षाचं म्हणणं, एकही गरजू सुटता कामा नये. नव्याचं, एकही लबाड घुसता कामा नये. मतभेद इतके मूलभूत आहेत की मजकूर एकच चालतो. डीटीपीच्या बाईंनी संगणकात ‘गरीब अंतिम तीन’ नावाची फाइल ठेवली आहे. तीच आधी जुन्या पक्षाच्या जांभळ्या चौकटीत ओततात, मग नव्याच्या तपकिरी चौकटीत. तीन निवडणुका झाल्या, कुणाचा फोन नाही.

या खेपेला मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता. थोरली बहीण दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सरकारी मदतनीस रोज येऊन तिचं सगळं करते, म्हणून मी कामावर जाऊ शकतो. आता पत्र आलं होतं : योजनेत सुधारणा झाली आहे, अर्जदाराने तीन महिन्यांच्या आत समक्ष हजर राहावे, अन्यथा मदत बंद.

कचेरीतल्या खिडकीपाशी गेलो.

“तिला चालता येत नाही, म्हणून तर मदतनीस,” मी म्हणालो.

“तेच तपासायचंय. घेऊन या.”

“आणलं तर?”

“आल्या, म्हणजे येता येतं.”

“आणि नाही आणलं तर?”

“गैरहजर. काका, मागे रांग आहे.”

घरी ताईला सांगितलं. ती छताकडे बघत म्हणाली, “जगाचे कागद सुधारत बसतोस. त्यांचा एक कागद सुधार की.”

ती थट्टेत म्हणाली होती. मी दुसऱ्या दिवशी केलं. जुना पक्ष निवडून येणार असं सगळे म्हणत होते. त्यांच्या तपासणी-प्रतीत पान एकतीसच्या तळाला एका ओळीची जागा रिकामी होती. तिथे लाल पेनाने लिहिलं : ‘जे चालू शकत नाहीत, त्यांच्या घरी अधिकारी जाईल.’

बाईंनी ती ओळ निमूटपणे घातली. मूळ फाइलीत. दुरुस्ती एका प्रतीत करू नका, मूळ फाइलीतच करा, ही शिस्त त्यांना मीच लावली होती. वर्षभर ओरडून.

जाहीरनामे बाहेर पडले आणि चौथ्या दिवशी दोन्ही पुढारी टीव्हीवर एकमेकांचं पान एकतीस फडकावू लागले. “आमची ओळ चोरली!” “आम्ही चाळीस वर्षं हेच म्हणतोय!” गरिबांविषयी इतकी चर्चा मी आयुष्यात ऐकली नव्हती.

मालकांनी आत बोलावलं. “ही ओळ आली कुठून?”

“पान एकतीसवर आहे.”

“ते कळलं हो. पण पान एकतीस वाचलं कुणी?”

हा प्रश्न त्यांना इतका छळत होता की मला काढून टाकायचं राहून गेलं.

निकाल लागला. बहुमत कुणालाच नाही. दोघांना एकत्र यावं लागलं, आणि समान कार्यक्रम शोधताना दोघांच्या पुस्तिकांत शब्दशः जुळणारी एक ओळ सापडली. बाकीचं पान शब्दन् शब्द तसंच होतं, पण तिथवर कुणी वाचलं नाही. पहिला आदेश त्याच ओळीचा निघाला. नव्या पक्षाने फक्त एक अट घातली : भेट न कळवता व्हावी. सांगून गेलं तर लबाड अंथरुणावर पडून राहतील.

मी धावत खिडकी गाठली. मुदतीला दोन दिवस उरले होते.

“आदेश आलाय,” खिडकीतले म्हणाले. “पण तुमचं जुनं पत्र रद्द झालं असं त्यात कुठंय?”

“मग साहेब घरी येणार कधी?”

“सांगून आले तर तपासणी कसली, काका?”

दोन दिवस जिन्यावर पाऊल वाजलं की मी दार उघडत होतो. एकदा दूधवाला, एकदा खालचे भाडेकरू. शेवटच्या दिवशी धीर सुटला. मदतनीस, मालक, डीटीपीच्या बाई आणि मी, चौघांनी ताईला खुर्चीसकट उचललं.

“हळू रे,” दुसऱ्या मजल्यावर ती ओरडली. “मी आश्वासन नाहीये, पडले तर मोडेन!”

मालकांना हसू आलं आणि खुर्चीचा त्यांच्याकडचा पाय पायरीवर आपटला. ताईने कठडा घट्ट धरला.

कचेरीत खिडकी बंद. पाटी होती : ‘अधिकारी गृहभेटीसाठी बाहेर.’

दीडपर्यंत थांबलो. मग परत, तिन्ही मजले, यावेळी वरच्या दिशेने.

दाराच्या कडीत एक छापील कागद खोचला होता. अर्जदार घरी आढळल्या नाहीत. वेळ अकरा वीस. उद्यापासून मदत बंद.

“काय लिहिलंय?” खुर्चीतून ताईने विचारलं.

मी वाचून दाखवलं.

“चूक आहे का काही?”

मी सवयीने पुन्हा एकदा नजर फिरवली. तळाला बारीक अक्षरात आमच्या छापखान्याचं नाव होतं.