कालिंदीचं वजन उतरलं

कालिंदी सिल्लोडच्या वैजनाथ मास्तरांची मुलगी. बी.फार्मसीला नंबर लागला तशी संभाजीनगरला आली आणि उस्मानपुऱ्यात आवडाबाईंच्या घरी खोली घेऊन राहिली. जेवणही त्यांच्याकडेच. मुळात अंगानं भरलेली, त्यात कॉलेजचं पहिलं वर्ष तिला भोवलं. सकाळी पोटात काही न घालता पळायचं, दिवसभर प्रॅक्टिकल, मधे कॅन्टीनचा समोसा, आणि संध्याकाळी भुकेजून ताटावर तुटून पडायचं. गॅदरिंगच्या नाचात मुलींनी तिला मागच्या रांगेत उभं केलं. म्हणाल्या, "तू उंच आहेस ना, म्हणून." कालिंदी सगळ्यांत बुटकी होती.

दुसऱ्या वर्षी तिनं मनावर घेतलं. आवडाबाईंना म्हणाली, "काकू, मला भात नको. भाकरी आणि मुगाची उसळ द्या डब्यात. तेल कमी."

"देते की. पण डबा नेशील तवा ना? तुला चहा प्यायला बी टाइम नसतो."

झालंही तसंच. थोडे दिवस डबा नेला. मग जर्नलं, सबमिशन, परीक्षा मागे लागल्या आणि डबा ओट्यावरच राहू लागला. भूक लागली की पाय कॅन्टीनकडे वळायचे. वजन उतरायचं सोडून वाढलं. तिनं आरशात बघणंच सोडून दिलं.

दिवाळीनंतर मात्र कपडे सैल व्हायला लागले. आता तिनं समोसा सोडला होता, पाणी भरपूर पीत होती. त्याचाच गुण आला असं तिला वाटलं. गालांची हाडं दिसू लागली. मुली विचारू लागल्या, "काय करतेस गं तू?" ती सांगायची, भाकरी खाते, गरम पाणी पिते. दोघीचौघींनी तसं सुरूही केलं. पण हल्ली भूक आवरत नाही, आपण आवडाबाईंकडे भाकरीवर भाकरी मागून घेतो आणि तरी अंग झडतंच आहे, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सारखी तहान लागायची, पाय गळून जायचे. अभ्यासाचा शीण असेल, असं ती धरून चालायची.

"लई वाळलीस पोरी. दवाखान्यात दाखव," आवडाबाई एकदा म्हणाल्या.

"काकू, वाळायचंच होतं मला," कालिंदी हसून म्हणाली.

त्या वर्षी गॅदरिंगच्या नाचात तिला पुढं घेतलं. तालमीतच ती कोसळली.

शुद्धीवर आली तेव्हा हाताला सलाईन होतं आणि उशाशी आई, यमुनाबाई.

"वजन केव्हापासून उतरतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी उतरवलंय," कालिंदी पुटपुटली.

"तू नाही बाळा. तुला मधुमेह झालाय. शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही, त्यामुळं खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. आता इंजेक्शनं जन्मभर घ्यावी लागतील. पण काळजी करू नको, उतरलेलं वजन भरून येईल."

"लवकर भरू द्या हो बाई," यमुनाबाई हात जोडून म्हणाल्या.

कालिंदीनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि ती रडायला लागली.

"सुईला भिऊ नको गं. होईल सवय," आई पाठीवरून हात फिरवत राहिली. असल्या वेळी आपल्याला वजन परत येणार याचं रडू येतं, याची कालिंदीला स्वतःचीच लाज वाटली.

ती उस्मानपुऱ्याला परत आली. आता न्याहारी वेळेवर होती, भाकरी मोजून होती, डबा ती कधी विसरत नव्हती. जे हौसेनं जमलं नाही ते भीतीनं जमलं. आणि अंग भरत गेलं. शिवून आत घेतलेले कपडे पुन्हा उसवावे लागले. "काय करतेस गं तू?" असं आता मुली विचारत नव्हत्या.

"सोडलंस का गं सगळं?" एकीनं विचारलं.

"हो," कालिंदी म्हणाली. खरं सांगायचा तिला कंटाळा आला होता.

पोळ्याला ती घरी गेली. यमुनाबाईंनी दारातच तिचे दोन्ही दंड चाचपून पाहिले. "आता बरी दिसतेस. डोळे निवले माझे."

कालिंदीनं मान हलवली आणि इंजेक्शनची वेळ झाली म्हणून ती आत गेली.