एका गाऱ्हाण्याचे दोन दरबार

आमच्या गावात कोंबडी चोरीला गेली तरी कोणी पोलीस चौकीची वाट धरत नाही. ज्याचं नुकसान झालं तो देवळात नारळ ठेवतो, दत्ताराम देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो आणि आम्ही बाकीचे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतो. हा मान त्याच्या घराण्याचा. एकदा घातलेलं गाऱ्हाणं चोराच्या घरात शिरतं आणि माणूस घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही, हे इथली पोरंसोरंही सांगतील. शिकलेले चारचौघांत हसतात, पण दुसऱ्याच्या परड्यातल्या फणसाला तेही हात लावत नाहीत.

दोन हजार सहा सालच्या शिमग्याआधी गावच्या ओढ्याला, आमच्या व्हाळाला, फेस आला. मासे पोट वर करून तरंगायला लागले, आणि तेच पाणी पिऊन सावित्रीची गाभण म्हैस मेली. सावित्री माझी शेजारीण. नवरा गेल्यापासून दूध घालून दोन मुलींना वाढवत होती. म्हैस गेली आणि तिचं घरच बसलं. तिने देवळात नारळ ठेवला. पाण्यात विष ओतणाऱ्याचं तळपट होवो, असं गाऱ्हाणं येत्या रविवारी घालायचं ठरलं.

विष कोणी ओतलं ते गावाला ठाऊक नव्हतं. दत्तारामाला होतं. त्याचा एकुलता एक मुलगा रविराज कुडाळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे टँकर चालवायचा. कुठल्याशा कारखान्याचं रसायनाचं घाण पाणी लांब मुंबईच्या बाजूला, ते जिरवायच्या जागी पोचवायचं, असं कागदावरचं काम. मालक म्हणायचा, एवढ्या लांब कशाला, वाटेत हलका करून ये. घर जवळ म्हणून रविराज पहाटे आमच्याच व्हाळावरच्या मोरीपाशी थांबून टँकर सोडायचा. बापाने विचारलं तेव्हा त्याने काही लपवलं नाही. साबणाचं पाणी असतं म्हणून मालकाने सांगितलं होतं, आणि त्याने ते खरं मानलं होतं. असल्या भोळ्यांच्याच जिवावर मालकांचे बंगले उठतात, मेल्यांचे. म्हैस मेल्याचं ऐकून मात्र पोरगा त्या दिवशी जेवला नाही.

आता रविवारी दत्तारामाला आपल्याच तोंडाने आपल्याच मुलाचं तळपट मागायचं होतं. नाही म्हणावं तर गाव कारण विचारणार.

शनिवारी प्रदूषण मंडळाचे साहेब आले. व्हाळाचं पाणी बाटल्यांत भरताना ते म्हणाले, गाडीचा नंबर मिळाला तर वाहतूक कंपनीला नोटीस काढता येईल, नाहीतर काही करता येणार नाही. आमच्यातल्या कोणी गाडी बघितलीच नव्हती. साहेब जीपकडे निघाले तसा दत्ताराम त्यांच्या मागोमाग गेला आणि कचेरीतल्या मराठीत विचारता झाला, नोटीस कंपनीला जाते की चालकाला? कंपनीला, साहेब म्हणाले, जबाबदारी तिचीच असते. दत्तारामाने नंबर सांगून टाकला.

मग गावाला म्हणाला, एका गाऱ्हाण्याला दोन दरबार नसतात. सरकारने हातात घेतलंय, तर देवाला जरा थांबू दे. सावित्रीने मान डोलावली आणि आपला नारळ उचलून आणला.

साहेब खोटं बोलले नव्हते. नोटीस कंपनीलाच गेली. कंपनीने उलट कळवलं की हा प्रकार चालकाने आम्हाला न विचारता परस्पर केला, त्याला कामावरून काढलंय आणि त्याच्याविरुद्ध आम्हीच पोलिसांत तक्रार दिलीय. चोर तो चोर, वर शिरजोर! रविराजला कुडाळच्या स्टँडवर पकडलं. पेपरात नाव आलं. जामिनावर सुटून तो घरी आला तेव्हा त्याला कामाला ठेवणारा माणूस जिल्ह्यात उरला नव्हता. टँकर नवा रंग लावून पुन्हा रस्त्यावर आला होता.

नंबर कोणी दिला ते त्याला पोलिसांनीच सांगितलं. दत्तारामाच्या आणि माझ्या घरामध्ये फक्त दगडी गडगा आहे, त्यामुळे त्या दुपारचं बोलणं मला अंगणात ऐकू आलं. आईने, सुभद्राने, पेज वाढली होती. त्याने ताटलीला हात लावला नाही.

"सरकारच्या नोटिशीक जामीन आसता रे," दत्ताराम म्हणाला. "गाऱ्हाण्याक नसता."

"गाऱ्हाणां घातलं असतंस तर सगळो गाव 'व्हय म्हाराजा' म्हणालो असतो, बाबा. नंबर तू एकट्यान दिलंस."

तेवढं बोलून तो पिशवी घेऊन गोव्याला निघून गेला. पावसाळा सरला तरी त्याचा फोन नाही. सुभद्रा नवऱ्याला जेवायला वाढते, पण त्याच्याशी बोलत नाही. मला दोघांचंही वाईट वाटतं आणि दोघांचाही राग येतो.

नवरात्रात सावित्री दत्तारामाकडे गेली, मीही तिच्याबरोबर होते. तो घरापुढच्या खळ्यात एकटाच बसला होता. एव्हाना सगळं गावभर झालं होतं. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"माका एकदा तरी सांगूचां होतां, दत्तारामभाऊ," ती म्हणाली. "नारळ माझो होतो. मी तेव्हाच मागे घेतलं असतंय. म्हशीपरीस तुमचो झील मोठो नाय काय?"

ही वाट होती, चार पावलांवर होती, आणि दत्ताराम जीपच्या मागे धावला होता. आत सुभद्रा भांडी घासत होती. त्याने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"ह्यां सुभद्रेक सांगू नको," तो म्हणाला.